मागच्या चाकांवर

मृदुलाला कळा सुरू झाल्या त्या सकाळी डीमन गावात घोटाभर बर्फ होता. ट्राम बंद, टॅक्सी मिळेना. तिच्या नवऱ्याच्या, सौमित्रच्या स्पोर्ट्स कारची मागची चाकं तर नुसती जागच्या जागी गरगरत होती.

एवढ्यात शेजारचे म्हातारे व्हिसर खाली आले. करोना आल्यापासून ते घराबाहेर पडले नव्हते. दोन मास्क लावून ते मागच्या सीटवर कसेबसे शिरले. गाडीच हलत नाही आणि हे कशाला चढताहेत, सौमित्रला कळेना.

"मागे वजन हवं," व्हिसर म्हणाले. "माझं नव्वद किलो आहे. चल."

गाडी खरंच निघाली.

हॉस्पिटलच्या दारात सौमित्रने विचारलं, "तुम्ही आता घरी कसे जाणार?"

"मी थांबतो. परतताना बाळाचं वजन पुरायचं नाही."