माणसांच्या चालीनं

डॅशबोर्डवरचा ऑईलचा लाल दिवा परत लुकलुकला. ड्रायव्हरनं गुपचूप क्लच दाबला आणि ॲक्सिलेटरवर पाय दिला. इंजिन गुरगुरलं, दिवा विझला. पाय काढला, की दिवा हजर.

मागे काचेच्या पेटीत म्हातारबाबा होते, फुलांखाली. त्यांच्यामागे रस्ताभर माणसं चालत होती. म्हातारबाबांच्या बायकोचे गुडघे गेलेले, म्हणून तिला पुढे ड्रायव्हरशेजारी बसवलेलं. ती समोर बघत होती. ड्रायव्हर दिव्याकडे.

शववाहिकेचं कामच तसलं. माणसांच्या चालीनं चालायचं. कुणी दम खायला थांबलं, की थांबायचं. आणि इंजिन अजिबात बंद करायचं नाही, कारण पेटीतला गारवा इंजिनावर चालतो. आज तर गाडी सकाळपासून दारातच घुरघुरत उभी होती. जावई यायचे होते. ते दुपारी उगवले. ट्रॅफिक होतं म्हणाले.

ड्रायव्हरच्या कानात फोनची वायर होती. त्यानं तोंड खिडकीकडे वळवलं.

"दाजी, ऑईलचा दिवा लागलाय."

गाडी दाजींची. म्हणजे त्याच्या बहिणीच्या नवऱ्याची.

"मीटर बघ," दाजी म्हणाले. "ऑईल बदलून दहा हजार किलोमीटर झाले का?"

"चार पण नाही झाले."

"मग? गप चालव की."

"अहो दाजी, मीटर पळायला गाडी पळायला नको? ही रांगते. दिवसभर इंजिन चालू आणि मीटर झोपलेलं. ऑईलचं डांबर झालंय खाली. किती वेळा सांगितलं, हिला किलोमीटरवर धरू नका म्हणून."

"लय शहाणा झालास. मधे बंद पडली ना, तर किल्ली टेबलावर ठेवायची आणि घरी बसायचं. आणि ताईला मधे आणायचं नाही, सांगून ठेवतो."

फोन कट.

पुढे पूल होता. अरुंद, चढाचा. तिथं इंजिन जाम झालं, तर मागचेही अडकणार, समोरून येणारेही. आणि पेटीत म्हातारबाबा, भर उन्हात. ड्रायव्हरनं हात पँटला पुसला, परत स्टेअरिंग धरलं. दिवा आता लुकलुकतही नव्हता. ढिम्म लागून राहिलेला.

त्यानं परत क्लच दाबून पाय दिला. मागे काळा धूर गेला, थेट लोकांच्या तोंडावर. खोकण्याचा आवाज आला. जावई तरातरा पुढे आले आणि दारावर थाप मारली.

"ओ, शर्यत लावलीय का इथं? माणूस गेलाय आमचा!"

"सॉरी साहेब."

"सॉरी काय सॉरी? सावकाश घ्या!"

त्यानं सावकाश घेतलं. तेवढ्यात खालून आवाज सुरू झाला. टक, टक, टक. लोखंडावर लोखंड. हा आवाज त्यानं एकदाच ऐकला होता, दुसऱ्याच्या गाडीत, आणि ती गाडी भंगारात गेली होती.

शेजारी बसलेल्या आजीनं मान वळवली. मागे पेटीकडे बघितलं.

"मागून कुणी वाजवतंय का रे?"

"नाही, नाही आजी! इंजिन आहे. इंजिन वाजतंय."

"बरं," आजी म्हणाली. परत समोर बघायला लागली. "मला वाटलं, ह्यांना काहीतरी पाहिजे."

ड्रायव्हरला हसावं का रडावं कळेना. टकटक वाढली. पूल समोर आला. मग त्याच्यानं राहवलं नाही.

"आजी, खोटं नाही बोलत. गाडीच्या ऑईलचा कस गेलाय. हळू चालवलं की इंजिनाला तेल पोचत नाही. जोरात घेतली की पोचतं. पुलावर बंद पडली तर मी काही करू शकत नाही. बाबा उन्हात राहतील."

"मग जोरात घे."

"मागं माणसं चालतायत ना!"

आजीनं तिच्या बाजूच्या आरशात बघितलं. बराच वेळ बघितलं. दोघी बायका कशावरून तरी हसत होत्या. एकजण घड्याळ बघत होता. जावई फोनवर बोलत होते, एक बोट दुसऱ्या कानात घालून.

"घे," ती म्हणाली.

"आजी, मला शिव्या घालतील सगळे."

"मी सांगितलं म्हण."

त्यानं गियर टाकला. पाय दाबला. गाडीनं एक आचका दिला आणि सुटली. चढावर दुसरा गियर, मग तिसरा. टकटक विरत गेली. दिवा विझला. पूल मागे पडला. पेटीवरची दोन-चार फुलं घरंगळून खाली गेली.

ड्रायव्हरनं आरशात बघितलं. सगळे पळत होते. आधी पोरं, मग गडी, मग चपला हातात घेऊन बायका. जावई सगळ्यात पुढे, शर्ट बाहेर आलेला, तोंड उघडं, हात वर करून काहीतरी ओरडत.

"आजी, दिवा गेला," तो म्हणाला. "जरा हळू घेऊ का? येऊ देत त्यांना."

आजी आरशातच बघत होती.

"नको. पळू देत," ती म्हणाली. "ह्यांच्यासाठी कधी कुणी पळालं नव्हतं."