मोहोपाडा लाल

"नव्या नकोत. वापरलेल्या दाखव," अब्बा म्हणाले.

निलेशने काउंटरवरच्या कोऱ्या हार्ड डिस्क बाजूला सारल्या आणि तालिबकडे पाहिलं. कर्जत स्टेशनजवळच्या त्याच्या दुकानात अब्बांचा, म्हणजे त्याच्या मकसूदभाईंचा, शब्द खाली पडत नसे. त्याच्या लग्नाचं शूटिंग त्यांनीच केलं होतं.

"अब्बा, वापरलेल्या कधीही दगा देतील."

"तुझी ती नवीच होती ना?"



नवीच होती. अम्मी लग्नघरांतून गाणी म्हणायची, अब्बा शूटिंग करायचे. कॅसेटींना बुरशी लागली तेव्हा तालिबने सगळी गाणी एका डिस्कवर उतरवली आणि कॅसेटी टाकून दिल्या. अम्मी गेली. मागोमाग डिस्क गेली. खटपट करून निम्मी गाणी परत मिळाली. "अर्धी अम्मी तू घालवलीस," फिझा म्हणाली. त्यानंतर धाकटी बहीण त्याच्याशी बोललीच नव्हती.

उरलेली अर्धी तरी टिकावी म्हणून हा घाट. तीन घरांत तीन पेट्या, आत डिस्क, नेटवरून एकमेकींना जोडलेल्या. कर्जतला अब्बांकडे, नेरळला तालिबकडे, मोहोपाड्याला फिझाकडे. प्रत्येक गाणं तिन्हीकडे. एक पेटी बसली तर उरलेल्या दोघी तिला पुन्हा भरून देणार. तिघींची तब्येत तिघांच्याही मोबाईलवर दिसणार: ठीक तर हिरवा दिवा, बिघडली तर लाल.

"पण डिस्क बदलायला माणूसच लागतो, अब्बा. दर खेपेला मोहोपाड्याला कोण धावणार?"

"मोहोपाडा काय विलायतेत हाय?"

पुढे बोलण्यात अर्थ नव्हता. या माणसाने स्कूटरसुद्धा कधी नवी घेतली नव्हती. तालिब "बरं" म्हणाला, त्यांना घरी सोडून आला आणि नव्या डिस्क घेतल्या. तीन कंपन्यांच्या, तीन वेगळ्या लॉटच्या. एका लॉटच्या डिस्क जुळ्या बहिणींसारख्या, एकीने अंथरूण धरलं की दुसरीही धरते. ही चूक त्याला परत करायची नव्हती.

फिझाची पेटी अब्बाच पोचवून आले.

कर्जत हिरवा. नेरळ हिरवा. मोहोपाडा हिरवा.

तालिबला चैन पडेना. जेवताना मोबाईल, अंघोळीला जाताना मोबाईल. हिरवा, हिरवा, हिरवा. 

मग एका रविवारी सकाळी:

कर्जत हिरवा. नेरळ हिरवा. मोहोपाडा लाल.

चप्पल घालायचंसुद्धा त्याला सुचलं नाही. जादाची डिस्क घेतली, गाडीला किक मारली.

फिझाने दार उघडलं आणि बाजूला झाली. पेटीचं झाकण काढलेलं, शेजारी स्क्रूड्रायव्हर.

"तू कशाला उघडलंस?"

"तुझा वेळ वाचावा म्हणून. नायतर म्हणशील, बसवून ठेवलं."

त्याने डिस्क बदलली. दिवा हिरवा झाला. तो निघाला.

"चहा टाकलाय," ती भिंतीकडे बघत म्हणाली. "का ओतून टाकू?"

त्याने उभ्यानेच प्यायला.

मोहोपाडा हिरवा. मोहोपाडा हिरवा. मोहोपाडा लाल.

पुन्हा रविवार. पुन्हा कोरी डिस्क. तालिबचं डोकं भणभणलं. शेजारच्या रसायनीच्या कारखान्यांची हवा, दुसरं काय! ती तांबं खाते, लोखंड खाते, डिस्क तिच्यापुढे काय टिकणार? त्याने पेटीला बंदिस्त कपाट केलं, वीज सांभाळणारं यंत्र बसवलं. त्या दिवशी फिझाने सांदणं वाफवली होती. तो बसून जेवला.

कपाटातसुद्धा मोहोपाडा लाल.

डिस्क बदलून झाल्यावर नीट चालते का बघायला फिझाने एक गाणं लावलं. अम्मी हळदीचं गाणं म्हणत होती. मध्येच थांबून ओरडली, "तालिब, उठ रं त्या वायरीवरून! तुझा बाप शूटिंग करतोय!"

फिझा हसली. तालिबही हसला. मग दोघांना एकमेकांकडे बघवेना.

अब्बांचा फोन आला. "परत बिघडली म्हणं? जुन्याच घातल्यास ना?"

"हो, अब्बा."

"मग बरं," अब्बा म्हणाले. आवाजात समाधान होतं. तालिबला त्या खोट्याची लाज वाटली.

सोमवारी त्याने काढलेल्या सगळ्या डिस्क निलेशच्या काउंटरवर आदळल्या. "मोहोपाड्याची हवा खाऊन मेल्या. कंपनीकडून बदलून आण."

निलेशने एकेक जोडली, तपासली. पुन्हा तपासली.

"तालिबभाई, मेलं कोण?"

"म्हणजे?"

"एक पण गेली नाय. सगळ्या धडधाकट. चालू पेटीतून कोणी वायर काढली तर दिवा लालच होणार ना!"

 डिस्क पिशवीत भरून तालिब घरी आला.

पुढच्या रविवारी सकाळी तिन्ही दिवे हिरवे होते. तालिब बराच वेळ मोबाईलकडे बघत बसला. मग उठला आणि खणातून स्क्रूड्रायव्हर काढला.

कर्जत हिरवा. मोहोपाडा हिरवा. नेरळ लाल.

लगेच फोन वाजला.

"भाई, चहा टाक, मी निघाले," फिझा म्हणाली. "स्क्रूड्रायव्हर आणू, का झाकण उघडंच हाय?"