देवयानीवरच्या पट्ट्या

नजर पुरती जाण्याआधी यमुताईंना देवयानी दीर्घिकेचा एक स्वच्छ फोटो हवा होता. पण दर फोटोत मेल्या आडव्या पट्ट्या! केबल बदलली, बॅटरी बदलली. शेवटी लेन्सला झाकण लावून फोटो काढला, तर त्यात एकही पट्टी नाही. म्हणजे कॅमेरा निर्दोष होता.

त्यांनी आभाळाच्या कंपनीला फोनवर झापलं, "ऊन अडवायला पृथ्वीवर पडदा ताणलात, खरे तारे झाकलेत. निदान खोटे तरी धड दाखवा!"

"आजी, पडदा ठणठणीत आहे," कंपनीचा माणूस म्हणाला. "त्यावर दिसणाऱ्या देवयानीच्या मूळ फोटोतच पट्ट्या आहेत. वीस वर्षांपूर्वी कुणा यमुना काळसेकरांनी पाठवलेला."

ते नाव यमुताईंचंच होतं. तेव्हा आभाळात आपण काढलेला फोटो लागणार म्हणून त्यांनी घाईघाईत तो पट्ट्यांसकट तसाच पाठवला होता.

"दुसरा काढून देते," त्या पुटपुटल्या.

"कशाचा, आजी?"