फ्रिजवरचा चुंबक

इनामदार साहेबांनी खिशातून फ्रिजवरचा चुंबक काढला, तेव्हाच माझं डोकं फिरलं. त्यांच्या जुन्या स्पोर्ट्स कारचा गंजलेला पत्रा मी आठ महिने ठोकून सरळ केला होता. पुट्टीवर चुंबक धरत नाही, पण मी पुट्टीनं एकही खड्डा बुजवला नव्हता.

दारांना चुंबक चिकटला. बॉनेटवरून मात्र घसरून खाली पडला.

"दस्तगीर, इथं पुट्टी भरलीस. फसवलंस मला."

मी स्क्रूड्रायव्हर घेतला आणि माझ्याच लाल रंगावर वीतभर ओढला. खाली पांढरा पत्रा चमकला.

"अ‍ॅल्युमिनियम आहे, साहेब. कंपनीतूनच तसं आलंय. तीस वर्षं गाडी तुमच्या घरात, आणि हे मी सांगायचं?"

त्यांचा आवाज उतरला. "बरं, हा ओरखडा कधी बुजवतोस?"

"तो राहील तसाच. आता संशय आला की तिथं बघा. चुंबक फ्रिजला लावा."