कपाटात टिकलेली कादंबरी

मिनेसोटातल्या आमच्या वाचनालयात तीन वर्षं कुणी न नेलेलं पुस्तक कपाटातून काढून दारातल्या फुकटच्या खोक्यात टाकतात. ऐंशीच्या दशकातल्या किशोर कादंबऱ्या अशाच संपल्या. एकच टिकलीय. दर दोन वर्षांनी म्हातारी मार्लिस बर्फ तुडवत येते, ती कादंबरी नेते आणि दुसऱ्या दिवशी परत आणते.

"पाठ झाली असेल गं आता," परतीचा शिक्का उचलत मी म्हटलं.

"एकदाही उघडली नाही."

"मग घरीच ठेव की कायमची. कशाला हे हेलपाटे?"

मार्लिसने कादंबरी माझ्याकडे सरकवली. "माझी लेक भांडून निघून गेली, तेव्हा तिची ही अर्धीच वाचून झाली होती. माझ्यासाठी घरी यायची नाही ती. उरलेली वाचायला इथे येईल एखादवेळेस."