गोलातली लेक

टीव्हीच्या कोपऱ्यातल्या गोलात लेक दिसली, तशी हनुवटीने कात्री खाली ठेवली आणि भिंतीवरचं बटण दाबून दिवे दोनदा विझवले, लावले. शिवणखोलीत हाक मारायची ती अशीच. ऐकू कुणालाच येत नव्हतं. मशिनं थांबली. पायाखालच्या फरशीची थरथर थांबली. हिरव्या कापडाचे गठ्ठे बाजूला सारून बायका स्टुलं ओढत टीव्हीपुढे जमल्या.

हनुवटी हे तिचं नाव बायकांनीच ठेवलेलं. काही सांगायच्या आधी तिची हनुवटी वर जायची, म्हणून बोट हनुवटीला लावलं की ती. बहिऱ्यांत सगळ्यांची नावं अशी हातावरचीच. अर्थमंत्र्याचं नाव चष्मा. वाक्य संपलं की तो चष्मा सावरायचा. विरोधी पुढाऱ्याचं नाव मिशी.

सभागृहात चार दिवस जुंपली होती. बँका बुडायला आल्या होत्या आणि त्यांना वर काढायला पैसा कुठून आणायचा यावर एकमत होत नव्हतं. चष्मा म्हणायचा, सरकारी खर्च छाटून. मिशी म्हणायचा, ज्यांनी बुडवल्या त्यांच्याकडून. आज एकेक खर्चावर कात्री चालणार होती, आणि त्यात बहिऱ्यांच्या शिवणखोल्यांचं अनुदान होतं. ते गेलं की या खोलीला कुलूप. बाहेर चांगल्या ऐकणाऱ्या-बोलणाऱ्या बायका कामावाचून घरी बसल्या होत्या, यांना कोण विचारणार होतं?

तरी हनुवटीच्या तोंडावर काळजीपेक्षा तोराच जास्त होता. मंत्र्याचं बोलणं देशभरच्या बहिऱ्यांना हातांनी सांगणारी ती पोर तिची होती. कान देवाने दिलेले, पण हात आईने घडवलेले. ‘एक शब्द गिळायचा नाही’ हे तिने लेकीला चालायच्या आधी शिकवलं होतं. तिच्या स्वतःच्या वाट्याला जन्मभर गिळलेले शब्दच आले होते. दवाखान्यात, लग्नघरात, सगळे एकदम हसले किंवा रडले की ती विचारायची, काय झालं? समोरचा पंजा हवेत दोनदा दाबायचा: काही नाही, मग सांगतो. ते ‘मग’ काही कधी उजाडलं नाही.

“हात बघा कसे स्वच्छ चालतात,” ती हातांनी म्हणाली.

गोलातली लेक सांगत होती, “देश म्हणजे एक घर. वाईट दिवसांत घरातल्या सगळ्यांनी दोन घास कमी खायचे असतात.”

“हा स्वतःचं जेवण आटोपून सांगायला आलाय,” काजवाली म्हणाली. खोलीत काज करणारी ती. सगळ्यांत लहान, आणि पोटुशी.

“बँका पडल्या तर आपण सगळेच पडू,” गोलातले हात म्हणाले.

“आम्ही उभ्या कधी होतो रे बाबा?”

बायका खांदे हलवून हसल्या. हनुवटीने डोळे वटारले. “माझी लेक बोलत असताना मध्ये हात घालायचा नाही.”

“लेक कुठे बोलतेय? चष्मा बोलतोय.”

“हात तर तिचे आहेत ना?”

तेवढ्यात मुकादम आत आला. तो ऐकणारा. या खोलीत टीव्हीचा आवाज कायम बंद असायचा; आज त्याने रिमोट उचलला आणि पडद्यावर आवाजाच्या रेघा चढत गेल्या.

लेकीचे हात म्हणाले, “आता शिवणखोल्यांबद्दल.”

बायकांचे हात मांडीवर पडले.

चष्म्याने चष्मा सावरला आणि तो बोलू लागला. लेकीचे हात वर आले आणि छातीपाशी अडले. तिने समोर पाहिलं, मग नजर बाजूला नेली. मग उजवा पंजा हवेत दोनदा दाबला.

चष्म्याचे ओठ हलतच होते. मिशी ताडकन उठला. त्याच्या मागची अख्खी रांग उठली, कागद भिरकावले गेले. गोलातले हात एवढंच म्हणाले, “गोंधळ चालू आहे.”

हनुवटीने मुकादमाकडे पाहिलं. एरवी तो बायकांच्या हातांवर डोळा ठेवून असायचा, शिवतात की गप्पा मारतात म्हणून. आत्ता तो फरशीकडे बघत होता. त्याने आवाज बंद केला, रिमोट जपून टेबलावर ठेवला आणि बाहेर गेला.

लहान असताना एकदा पोरीने ही खूण आईला केली होती. तेव्हा हनुवटीने शिवणाच्या पट्टीने तिचा हात लाल केला होता. त्यानंतर पोरीने पुन्हा कधी ती केली नव्हती. आज केली. हनुवटीला आणखी काही विचारायचं उरलं नाही.

काजवालीने तिच्या गुडघ्यावर टिचकी मारली. एक हात पोटावर होता, म्हणून तिने दुसऱ्या एकाच हाताने विचारलं, “मग सांगते म्हणजे काय? राहिली ना आपली खोली?”

सगळ्या हनुवटीकडे वळल्या. तिची लेक, तिलाच कळणार.

या वेळी हनुवटी वर गेली नाही. फक्त उजवा पंजा उठला, आणि हवेत दोनदा दाबला गेला.