निळी चिंधी

दुकानाच्या दहाव्या वर्धापनदिनी आम्ही दोघी भागीदार मैत्रिणी, दरवर्षीसारखंच, एका गरजू बाईला शिलाई मशीन देणार होतो. मंडपाचे पडदे मीच शिवले, खुर्च्याही मीच मांडल्या. व्यासपीठावर दोनच होत्या. एकीवर मैत्रीण बसली, दुसरीवर तिची सून.

“अगं, तू पहिल्या रांगेत बस ना. तुझं नाव पुकारणार आहेत,” मैत्रीण म्हणाली.

सत्कार असेल, म्हणून मी मनातल्या मनात चार शब्द जुळवत बसले. ऐनवेळी तोंड उघडायची वेळ आली तर फजिती नको.

नाव पुकारलं. मी वर गेले.

“इतकी वर्षं आपल्या दुकानात राबलेल्या या गरजू ताई,” निवेदक म्हणाला, “आता घरबसल्या शिवणकाम करतील!”

टाळ्यांचा कडकडाट झाला. मैत्रिणीने मशीनवरचं कापड ओढलं आणि माझ्या कानाशी पुटपुटली, “हसून घे गं, लोक बघतायत.”

मशीन जुनंच होतं. तुटक्या मुठीवर निळी चिंधी गुंडाळलेली होती. ती मीच गुंडाळली होती, माझ्या आईचं हे मशीन घेऊन आम्ही दोघींनी दुकान उघडलं, त्या सकाळी.